पांढरीच्या टेकाडावर गावाचे हात

दिवाळी सरते, खरिपाची सुगी हातावेगळी होते आणि जमिनीतला ओलावा हळूहळू उतरू लागतो. महाराष्ट्रात पुरातत्त्वीय उत्खननाचा हंगाम सुरू होतो तो याच सुमारास. कुठल्याशा नदीकाठच्या गावाबाहेर विद्यापीठाचे तंबू पडतात, खुंट्या ठोकून दोरीने चौकोन आखले जातात, गावातील पंधरा-वीस माणसे रोजंदारीवर कामाला लागतात. उरलेले गाव चार दिवस खड्ड्याच्या काठावर उभे राहते, ‘सोने निघाले का?’ असे विचारते आणि खापरांचे ढीग पाहून निराश होऊन घरी परतते. पुढे दोन-तीन महिन्यांनी तंबू उठतात, सापडलेल्या वस्तू पेट्यांत भरून शहराकडे जातात आणि काही वर्षांनी त्या गावाचे नाव एका जाडजूड इंग्रजी अहवालाच्या पाठीवर छापले जाते. तो अहवाल त्या गावात बहुधा कधी पोहोचत नाही.

गावाने काठावरून खाली उतरावे, रीतसर परवानगीने, शिस्तीने आणि मुलाबाळांसह उतरावे, हे सांगण्यासाठी आजचे हे लिखाण आहे.

आपल्या भाषेने या विषयाची अर्धी वाट आधीच चालून ठेवली आहे. मराठी खेड्यात जमिनीचे दोन वर्ण मानले गेले. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. काळी आई अन्न देते आणि पांढर आसरा देते, अशी ही वाटणी आहे. वस्तीची माती पांढरी का होते, याचे उत्तर अगदी साधे आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी चुली पेटल्या, राख सांडली, मातीच्या भिंती पावसात ढासळल्या, त्यांच्यावर नव्या भिंती उभ्या राहिल्या, शेणाची सारवणे थरावर थर चढत गेली, आणि या सगळ्याने मातीचा रंग पालटला, पातळीही वाढली. गावाजवळ उघड्या रानात जे पांढरट टेकाड दिसते, ते निसर्गाने रचलेले नसते. ते माणसांच्या राहण्याने रचलेले असते. पुरातत्त्वज्ञ ज्याला वसतिस्थानाचा ढिगारा म्हणतात, त्याला आपल्या पणज्या ‘पांढर’ म्हणत आल्या. ‘जुन्या पांढरीत’ खापर-मणी सापडतात, हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते.

पण या ठाऊक असण्यानेच तिचा घात होत आला आहे. पांढरीची माती माळवदावर घातली तर छत गळत नाही, शेतात टाकली तर पीक जोमाने येते. म्हणून गाड्या भरभरून ती वाहून नेली गेली. बैलगाडीच्या काळात या वाहतुकीला निदान काही मर्यादा होती. जेसीबीला तीही नाही. तीन हजार वर्षांत जे टेकाड रचले गेले, ते दोन दिवसांत सपाट होते आणि गावाला आपले काय गेले याची वार्ताही नसते. जुन्या गढ्यांचीही हीच अवस्था आहे. त्यात गुप्तधनाच्या मागे लागलेल्यांची भर पडते. अमावास्येच्या रात्री लिंबू-नारळ घेऊन खड्डे खणणारे जे उद्योगी लोक आहेत, त्यांच्या हाती धन तर लागत नाहीच, पण ते जी नासधूस करतात ती कोणत्याही विद्वानाला भरून काढता येत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा अघोरी प्रकारांवर बोट ठेवले आहे. परंतु रानात पहारा द्यायला कायदा येत नाही, गावालाच तो द्यावा लागतो.

पांढरीत नेमके असते तरी काय? पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगावचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. घोड नदीच्या काठच्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकळिया, डॉ. झै. दा. अन्सारी आणि डॉ. म. के. ढवळीकर यांनी ते चालवले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या सुमारे नऊ शतकांचे एक सलग खेडे तिथे मातीखालून वर आले. शंभराहून अधिक घरांच्या जमिनी मिळाल्या. कुडाच्या भिंती, खांबांचे खळगे, चुली, धान्याची पेवे, रांजणांची ठाणी. नदीचे पाणी वळवणारा बांध आणि कालवा मिळाला. सातूचे दाणे मिळाले. कुंभाराचे, सोनाराचे, चुनेवाल्याचे घर ओळखता आले. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याला लागून धान्याचे कोठार मिळाले. ते गावच्या मुखियाचे असावे, असे उत्खननकर्त्यांचे अनुमान आहे.

आणि घरांच्या जमिनीखाली लेकरे सापडली. तान्ही मुले दगावली की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात ते लेकरू घालून घराच्याच जमिनीत पुरायचे, अशी त्या लोकांची रीत होती. वर पुन्हा सारवण करून तेच घर, तोच संसार. हजारो वर्षांपूर्वीच्या कोण्या आईने आपले मूल रानात ठेवले नाही, उंबऱ्याच्या आत ठेवले. तिची भाषा आपल्याला ठाऊक नाही, तिच्या देवाचे नाव ठाऊक नाही. मातीच्या एका पेटीत मस्तक नसलेली एक स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबत बैल मिळाला, एवढेच त्या श्रद्धेविषयी हाती लागले. तरी त्या कुंभांसमोर उभे राहिलेल्या कोणालाही काही समजावून सांगावे लागत नाही.

इनामगावचा शेवटचा अध्याय तर शिरूरच्या आजच्या शेतकऱ्याने मुद्दाम ऐकावा असा आहे. इ. स. पूर्व १००० च्या पुढे चौकोनी प्रशस्त घरे जाऊन त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती आखडते, शिकारीवर भर वाढतो आणि अखेरीस गाव उठते. पाऊसमान घटले आणि दुष्काळाने हे गाव मोडले, असे ढवळीकरांचे प्रतिपादन होते. परचक्राच्या खुणा तिथे नाहीत. ज्या तालुक्यात आजही पर्जन्यछायेची चिंता घरोघरी आहे, तिथल्या मातीत ही कथा लिहिलेली असावी आणि तिथल्या शाळकरी मुलांना ती केवळ परीक्षेतील एका ओळीपुरती माहीत असावी, हे बरे नव्हे.

गावाच्या सहभागाची आवश्यकता केवळ भावनेची नाही, ती ज्ञानाचीही आहे. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवराकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना चार कांस्यशिल्पे सापडली. बैलजोडीचा रथ आणि त्यावर उभा असलेला पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून साठ किलोहून अधिक वजनाची. भारतीय धातुकलेच्या इतिहासात यांच्या तोडीची शिल्पे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मात्र ती कोणत्या थरात होती, शेजारी कोणती खापरे होती, याची नोंद होण्यापूर्वीच ती वर आली होती. परिणाम असा की, काही विद्वान त्यांना उत्तर-हडप्पा काळात नेऊन बसवतात, तर धातूतील एक टक्क्याहून अधिक आर्सेनिककडे बोट दाखवून डॉ. डी. पी. अगरवाल यांनी त्या प्राचीनतेविषयी शंका घेतली. वाद मिटलेला नाही. त्या शेतकऱ्याचा यात कोणताच दोष नाही. मुळे खणणाऱ्याने थर पाहावेत, हे त्याला सांगितले होते कोणी? पहिला घाव बसताच थांबायचे आणि कळवायचे, एवढी एक गोष्ट गावोगाव रुजलेली असती तर एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर कदाचित आज हाती असते.

वस्तू मौल्यवान, पण तिची जागा वस्तूहून मौल्यवान. उत्खननाचे सारे शास्त्र या एका वाक्याभोवती फिरते. म्हणूनच चौकोन आखायचे, चौकोनांच्या मध्ये मातीची भिंत न खणता ठेवायची, थरामागून थर खुरप्याने आणि ब्रशने उतरवायचा, प्रत्येक पिशवीवर चौकोन, थर आणि खोली लिहायची.

जागेसकट वस्तू जपण्याचे हे काम अर्थातच जाणकारांच्या देखरेखीखाली व्हावे लागते. तथापि नुसते जाणकार पुरे पडत नाहीत, याला तेर साक्षी आहे. धाराशिव जिल्ह्यातील हे गाव वारकऱ्यांना गोरोबाकाकांचे म्हणून ठाऊक आहे. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात उल्लेख आलेले तगर ते हेच. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या बाजारपेठेतून कापड भडोचच्या बंदराकडे जात असे. इथल्या टेकाडांतून पावसाने उघड्या पडणाऱ्या आणि लोकांना सापडणाऱ्या हजारो वस्तू गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या. त्या संग्रहातून तेरचे शासकीय संग्रहालय उभे राहिले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी नाते सांगणारी एक मूर्ती या तेरच्या मातीतली आहे. एका गावकऱ्याने मनावर घेतले नसते तर हे सारे कुठे विखुरले असते, याची कल्पनाच केलेली बरी. थरांची नोंद त्या संग्रहाला नाही, ही उणीव खरीच. पण ती त्यांची नव्हे, त्यांच्या सोबतीला वेळेवर न पोहोचलेल्या शास्त्राची आहे.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी वाडे आणि दप्तरे पालथी घातली, तेव्हा गावोगावच्या घरांनी आपल्या पेटाऱ्यांची झाकणे उघडली. क्वचित कुठे नकारही मिळाला असेल, पण एकूण समाजाने साथ दिली म्हणून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड निघाले. कागदांच्या बाबतीत जे घडले, ते मातीच्या बाबतीत अद्याप घडायचे आहे.

ते घडू शकते, याचा ताजा पुरावा कोकणाने दिला आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या सड्यांवर जांभ्या कातळात कोरलेली हत्ती, मासे, मानवाकृती आणि अगम्य भौमितिक रचनांची शेकडो चित्रे गेल्या काही वर्षांत नोंदली गेली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदरमोड करून वाडीवाडीत जाऊन माणसांना विचारले. सड्यावर गुरे नेणाऱ्यांना, गवत कापणाऱ्यांना ही ‘चित्रे’ कधीपासूनच ठाऊक होती, त्यांना कोणी विचारले नव्हते इतकेच! आज कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी ही नावे जगातले अभ्यासक घेतात, आणि २०२२ मध्ये ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत दाखल झाली. शासकीय यंत्रणा नंतर आली. आधी आला तो गावकऱ्यांचा दाखवणारा हात.

परदेशात या पद्धतीने किती दूर जाता येते तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये प्रा. कॅरेन्झा लुईस यांनी २००५ पासून खेड्यांतील रहिवाशांना आणि शाळकरी मुलांना आपापल्या परसात एक मीटर लांबी-रुंदीचे खड्डे शास्त्रशुद्ध रीतीने खणायला लावले. दहा-दहा सेंटिमीटरचा थर उतरवायचा, माती चाळायची, खापरे धुवायची, नोंद करायची. पन्नासहून अधिक खेड्यांतील सुमारे दोन हजार खड्ड्यांची खापरे एकत्र मांडल्यावर चौदाव्या शतकातील महामारीने पूर्व इंग्लंड किती ओसाड झाले होते, ते दिसून आले. वापरातील भांड्यांचे प्रमाण पुढील काळात सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेले होते. कोणत्याही एका विद्यापीठाला स्वतःच्या माणसांकरवी इतके परस खणता आले नसते. आपल्या तमिळनाडूतील कीळडी येथेही २०१४-१५ पासून खासगी नारळीबागांच्या भूमीत उत्खनन झाले आणि २०२३ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. त्या स्थळावरून जे राजकारण झाले ते वेगळे. आपली वस्तू आपल्याच गावी, लेकराबाळांना दिसेल अशी राहावी, ही त्यातली गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे.

इंग्लंडची रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडे पुरातत्त्वीय उत्खनन कोणालाही मनाला येईल तसे करता येत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अनुमती विद्यापीठांना आणि राज्य शासनालाही घ्यावी लागते, आणि हे योग्यच आहे. उत्साहाच्या भरात एखाद्या मंडळाने टिकाव-फावडी घेऊन टेकाड गाठले, तर गुप्तधनवाल्यांत आणि त्यांच्यात परिणामापुरता भेद राहणार नाही. हा शब्द आमच्या उत्साही मित्रांनी विशेष ध्यानात घ्यावा.

शेतकऱ्याची भीतीही खोटी नाही. काही सापडल्याचे कळवले तर जमीन सरकारजमा होईल, विहीर खणता येणार नाही, घर बांधता येणार नाही, या धास्तीने कितीतरी मूर्ती आणि नाणी पुन्हा गाडली गेली किंवा चोरवाटांनी विकली गेली. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि पुढील दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आहे. पण प्रत्येक पांढर म्हणजे संरक्षित स्मारक नव्हे. हा फरक शेतकऱ्याला समजावून सांगणे हे शासनाचे काम आहे आणि ते शासनाने नीट केलेले नाही. उत्खनन बहुधा मर्यादित जागेत, एका हंगामापुरते चालते. पीक नसताना जागा घ्यावी, नुकसानीचा मोबदला आधी ठरवावा, काम आटोपल्यावर चर बुजवून शेत परत करावे आणि हे सारे ग्रामसभेत, लेखी, सर्वांसमोर व्हावे. नोटीस चिकटवून विश्वास मिळत नाही.

विद्यापीठांनाही दोन शब्द सांगणे आहे. आजवर गावकरी उत्खननात होतेच, पण ‘मजूर’ या एकाच खात्यात. वस्तुतः ज्या बाईने आयुष्यभर जमीन सारवली, तिला सारवणाचा थर विद्यार्थ्याच्या आधी दिसतो. राखेचा पट्टा चुलीचा की भट्टीचा, खळगा उखळाचा की मेढीचा, पेवाला आतून काय लिंपले होते, हे तिला आणि गावच्या वृद्ध कुंभाराला विचारावे. त्यांचे म्हणणे नावानिशी नोंदवावे. अहवालाचा मराठी सारांश गावच्या शाळेत आणि ग्रामपंचायतीत पोहोचवावा. एवढे केले तर पुढच्या वर्षी टेकाडाला पहारेकरी नेमावा लागणार नाही.

आता आपल्या वाचक-कुटुंबांविषयी. इतिहासाविषयी आपल्या घरांत आस्था आहे, पूर्वजांविषयी अभिमान आहे, आणि तो असलाच पाहिजे. मात्र खड्ड्यात उतरताना उत्तर खिशात घेऊन उतरू नये. खुरपे कोणाच्या बाजूने खणत नाही. जे हवे ते सापडेलच असे नाही आणि जे सापडेल ते आवडेलच असेही नाही. इनामगावच्या त्या पूर्वजांच्या उकिरड्यात गाईबैलांची हाडेही मिळाली आहेत, कापल्याच्या खुणांसह. मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले आढळले आहेत. आपल्या आजच्या आचारविचारांशी हे जुळत नाही म्हणून ते पूर्वज परके ठरतात काय? ज्यांनी या भूमीत पहिला बांध घातला, पहिले पेव खणले, ते जसे होते तसे आपले आहेत. जी माणसे आपल्याला प्रिय असतात, त्यांच्याविषयीचे सत्य ऐकण्याची आपली तयारी असते. त्यांच्याविषयी सोयीचे तेवढेच बोलावे, असा आग्रह धरायचा तर मग उत्खनन कशाला? भाषण पुरे.

पूर, भूकंप, दुष्काळ अशा प्रसंगी हाकेसरशी शंभर हात उभे करण्याची सवय आपल्या कार्यकर्त्यांना आहे. त्याच सवयीला इथे थोडे निराळे वळण द्यावयाचे आहे, कारण या कामात वेग उपयोगाचा नाही. या हंगामात जिथे अधिकृत उत्खनन चालू असेल, तिथे आधी संचालकांना पत्र लिहावे. किती जण, किती दिवस येऊ शकतील, त्यांत विद्यार्थी किती, हे कळवावे आणि ते सांगतील ते काम घ्यावे. जिथे उत्खनन नाही, तिथे गावाने आपल्या पांढरींची, गढ्यांची, जुन्या विहिरींची, वीरगळांची यादी शेतांच्या चालू नावांसह करावी, छायाचित्रे काढावीत आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे पाठवावीत. जमिनीवर पडलेले खापर उचलू नये, जागीच त्याचे छायाचित्र घ्यावे. विहिरीचा, रस्त्याचा किंवा घराच्या पायाचा खड्डा निघत असेल तेव्हा कोणीतरी जाणता माणूस तिथे उभा राहावा. पांढरीची माती विकायची नाही, असा ठराव एखाद्या ग्रामसभेने केला, तर त्याचे वृत्त या पृष्ठांवर आनंदाने छापू.

उत्खननाला जाताना सोबत टोपी, पाणी, वही आणि जुने कपडे असावेत. दागिने व भ्रमणध्वनी तंबूत ठेवावे लागतील. पहिले दोन-तीन दिवस बहुधा खापरे धुण्याचेच काम मिळेल. एक मऊ ब्रश, पाण्याची बादली आणि सुकवायला पसरलेले पोते. खापराची कड आधी धुवावी आणि रंगकाम असलेला भाग घासू नये.